डांबर आणि गुलाब

लाटंबार्से गावात गोकुळदासच्या नाकाबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं कुठल्याही आमदाराच्या कामाबद्दल बोललं गेलं नसेल. अर्थात नाक काम करत होतं, हा फरक होता.

गोकुळदासची काजूची भट्टी होती. डोंगरावर बोंडं पिकायला लागली की ती पेटायची आणि पावसाची चाहूल लागली की विझायची. उरलेलं वर्ष तो भात लावायचा आणि आपण विश्रांती घेतो हा आरोप फेटाळायचा. काजूच्या रसातून आधी निघतो तो हुर्राक. तोच पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी. ही दोन वाक्यं गोव्यात शाळेत शिकवत नाहीत, कारण गरज पडत नाही. फेणी उतरत असताना नेमकं कुठे थांबायचं, हा मात्र शिकण्याचा भाग आहे. लवकर थांबलं तर भांडं अर्धं राहतं. उशीर झाला तर मागचं कडवट पाणी चांगल्या मालात मिसळतं. बाकीचे भट्टीवाले ती कोपात ओतून फेसाचे मोती बघत. कोप म्हणजे आपला काचेचा पेला. पोर्तुगीज गेले, कोप राहिले. गोकुळदासही मोती बघायचा, पण निव्वळ सौजन्य म्हणून. निर्णय नाक घ्यायचं. नळीपाशी वाकून तो एकदाच श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "पुरे." त्या "पुरे"नंतर भट्टीखालचं लाकूड ओढायला कोणी उशीर केल्याचं ऐकिवात नाही.

गंमत अशी, की तो स्वतः पीत नसे. विचारलं तर म्हणे, "सोनारान सगळे दागिने आपणच घातले, तर दुकानात काय मांडतलो?"

लोक साखळीहून, दोडामार्गाहून बाटल्या घेऊन त्याच्याकडे यायचे. तो बूच काढून हुंगायचा आणि माल कुठल्या डोंगराचा, त्यात पाणी कोणी घातलं हे सांगायचा. पुढेपुढे लोक तूप आणायला लागले, मध आणायला लागले. एकदा डिचोलीच्या गौरेशने आपल्या पुतणीच्या स्थळाचं घर बघायला त्याला बरोबर नेलं. चहा-पोहे झाले, मुलगा चांगला, माणसं चांगली. परत येताना गोकुळदास एवढंच म्हणाला, "घराक ओल असा." स्थळ तिथेच संपलं. पुढच्या पावसाळ्यात त्या घराची मागची भिंत बसली. त्यानंतर त्याच्या नाकाशी वाद घालायचं कोणाला सुचलं नाही, आणि या गोष्टीतलं पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गोवा घटकराज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी रानातली फळं गोळा करून येताना, गोकुळदास विहिरीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उताणा पडला. डोक्याला मागे टेंगूळ आलं. ते चार दिवसांत गेलं, पण जाताना वास घेऊन गेलं. आरतीला कापूर पेटला आणि त्याला फक्त ज्योत दिसली. वर माटोळीत नारळ, तोरिंजन, कांगल्या लटकत होत्या. त्या नुसत्या लटकत होत्या. म्हापशाच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "वास परत येईल, नाहीतर येणार नाही." एवढ्यासाठी म्हापशापर्यंत जायची गरज नव्हती.

हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. आम्हा मित्रांनाही सगळं नंतर कळलं. पण वाचकाला आताच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तोही आमच्यासारखाच माना डोलावत बसेल.

पुढच्या हंगामात त्याने भट्टी मोत्यांवर आणि आठवणीवर चालवली. मोती खोटं बोलत नाहीत, पण विचारल्याशिवाय काही सांगतही नाहीत. माल निघाला, खपला, कोणी तक्रार केली नाही. याने एखादा माणूस सुखावला असता. गोकुळदास थकला. दिवसभर वास येत असल्याचा अभिनय करणं ही साधी गोष्ट नाही. बाटली नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, भुवई उचलायची, योग्य वेळी तोंड वाकडं करायचं. नाटकात निदान दोन अंकांच्या मध्ये पडदा पडतो. जेवणातली चव गेली ती वेगळीच. तो जेवायचा तेव्हा घरपट्टी भरतोय असं वाटायचं.

आता पुन्हा जानेवारी आला होता. काजूच्या डोंगरांचा सरकारी लिलाव, इकडे त्याला पावणी म्हणतात, तोंडावर होता. बोली लावायची तर भट्टीपाशी बसायला कोणाचं तरी नाक हवं. नाक खरं हवं आणि त्याच्या खालचं तोंड बंद हवं. ते नाही मिळालं, तर आज्यापासूनची भट्टी बंद करायची, कारण पुन्हा एक हंगाम आंधळेपणाने काढायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. मित्रांपैकी कोणाचं नाक चालेल? पण विचारायचं कसं? विचारलं की सांगावं लागणार, आणि लाटंबार्शात सांगितलेलं संध्याकाळच्या बसने दोडामार्गला पोचतं.

इथे इटलीचा संबंध आला.

हरमलला दर हिवाळ्यात रेनातो नावाचा एक इटालियन खोली घेऊन राहायचा. तुरीनजवळच्या कुठल्याशा गावात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. ताज्या हुर्राकासाठी तो भाड्याच्या मोटारसायकलवरून पेडणे तालुका ओलांडून लाटंबार्शाला यायचा आणि येताना आपल्याकडची एक तांबडी वाइन गोकुळदासला भेट आणायचा. कारखान्यातली नव्हे, आजोबांच्या पद्धतीची, मोठ्या जुन्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली. गोकुळदास पीत नसल्याने त्या बाटल्या माळ्यावर उभ्या राहिल्या. बार्बेरा, कियांती, वाल्पोलिचेल्ला आणि सर्वांत मानाची बारोलो. माळा चुलीच्या बरोबर वर होता. तिथे कोकमाची सोलं होती, सुक्या मिरच्या होत्या, आणि आता इटली होती.

बारोलो देताना रेनातोने तिचा वास समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. त्याचं इंग्रजी आणि गोकुळदासचं इंग्रजी एकत्र केलं तरी एक इंग्रजी होत नसे. म्हणून त्याने आधी डांबरी रस्त्याकडे बोट दाखवलं आणि मग कमलाक्षीच्या गुलाबाकडे. याला वाटेत गुलाब न्यायचाय, असं समजून गोकुळदासने दोन फुलं तोडून दिली. पुढे उलगडा झाला: डांबर आणि गुलाब. बाटलीत दोन्ही असतं म्हणे.

कमलाक्षी ही गोकुळदासची बायको. भट्टीवाल्याच्या घरात येऊनही तिला दारूचा वास सहन होत नसे. भट्टीवरून आल्यावर विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा कायदा होता. तो घटकराज्याच्या बराच आधीचा, आणि एकदाही दुरुस्ती न झालेला.

तर एका रविवारी दुपारी गोकुळदासने आम्हाला बोलावलं. सुर्ल्याचा बाबुराव, ज्याचे खनिज वाहणारे दोन ट्रक होते आणि अंगावर कायम त्या रस्त्याची तांबडी धूळ. डिचोलीचा गौरेश, औषधांच्या दुकानाचा मालक. आणि मी. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर चार बाटल्या, पोदेराकडचे पाव, भाजलेले काजू.

"कोप इतके ल्हान?" बाबुराव बसता बसता म्हणाला. "औषध देतंस काय रे गोकुळ्या? गौरेशाक बोलावलंस तेव्हाच माका संशय इलो."

"ही पिवची नसता, चाखूची असता," गोकुळदास म्हणाला.

"आणि मगे पिवची खंयची?"

बूच काढायला साधन नव्हतं. बाबुरावने ट्रकमधून एक लांब स्क्रू आणि पक्कड आणली आणि बार्बेरा पंक्चर काढावं तशी उघडली. पहिला घोट गोकुळदासने कोपात घेतला आणि अंगणाच्या कडेला, गावाच्या राखणदाराचा दगड आहे तिथे नेऊन ओतला. हंगामातला पहिला हुर्राकही तिथेच जातो, तेव्हा यात नवीन काही नव्हतं.

"राखणदाराक इटालियन चलता?" बाबुरावने विचारलं.

"इतकी वर्सां पोर्तुगीज सोसलो त्येणी."

मग गोकुळदासने आमचे कोप भरले, आपला नाकाशी नेला, डोळे मिटले, मान हलवली. "हां. आता सांगा."

"तू सांग," गौरेश म्हणाला.

"आज मी सांगूचंय नाय. आज तुमी."

असं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. आम्हाला वाटलं, परीक्षा आहे. खरंच होती, फक्त विषय वेगळा होता.

गौरेशने कुठेतरी वाचलं होतं, की वाइनबद्दल बोलताना फळांची नावं घ्यायची असतात. "जांभूळ," तो म्हणाला. गोकुळदासची डावी भुवई सवयीने वर गेली. "म्हणजे जांभूळ नव्हे, करवंद," गौरेशने दुरुस्ती केली.

"माका पण करवंद," बाबुराव म्हणाला. त्याने तोपर्यंत कोप रिकामा केला होता. "लिमका असा काय?"

मला वाइनचा वास आला होता. पण तो सांगण्याजोगा वाटला नाही, म्हणून मीही करवंदाच्या बाजूने गेलो.

दुसरी कियांती. गोकुळदासची नजर सहज ओल्या वाफ्याकडे गेली आणि आम्हा तिघांना तिच्यात ओल्या मातीचा वास आला. तिसरी वाल्पोलिचेल्ला. त्याने ओठ मुडपले, तेव्हा ती आम्हाला किंचित तुरट लागली. तो आमच्या तोंडांकडे बघून वास शोधत होता, आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे बघून. दोन आरसे समोरासमोर ठेवले की मध्ये काही नसलं तरी पुष्कळ दिसतं.

मध्येच कमलाक्षीने सुक्या सुंगटांच्या किसमुरीची बशी आणून ठेवली. सुकी कोलंबी भाजून तिच्यात खोबरं-कांदा घातलेला तो प्रकार पलीकडच्या वाड्यावर कळतो.

"वहिनी, आत्ता नको," गौरेश म्हणाला. "या वासात वाइनचं काय कळणार?"

"कसलो वास?" गोकुळदासने विचारलं.

आम्ही मनापासून हसलो. तसलं नाक असलेला माणूस असं म्हणतो, हा विनोदच होता. हसला नाही तो फक्त गोकुळदास, आणि कमलाक्षी. ती आमच्याकडे न बघता आत गेली.

मग बारोलो. बाबुरावने स्क्रू लावला, तसं बूच न झगडता आत गेलं आणि बाटलीत तरंगत राहिलं. वाइनचा रंग विटकरी होता. आम्ही समजलो, म्हातारी आहे. राखणदाराचा वाटा गेला. गोकुळदासने कोप नाकाशी धरला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग रेनातोचे शब्द सांगितले, "डांबर आणि गुलाब."

गौरेशने घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुलाब आहे," तो शेवटी म्हणाला. "मागून येतो."

बाबुरावचा चेहरा उतारावर ब्रेक न लागल्यासारखा झाला. "डांबर असा," तो म्हणाला. "सुर्ल्याच्या रस्त्यार कधी पडला नाय, पण हंय असा."

माझ्या घशाला तोवर आग लागली होती. "गंभीर आहे," मी म्हणालो.

गोकुळदासचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. तिघांची नाकं पहिल्यांदाच एका ठिकाणी आली होती, आणि तीही रेनातोने सांगितलं तिथे. तो गौरेशकडे बघत राहिला. भट्टीपाशी कोणाला बसवायचं हे त्याने त्या क्षणी ठरवलं होतं.

तेवढ्यात कमलाक्षी बशा उचलायला आली ती उंबऱ्यावरच थांबली. तिने पदर नाकाला लावला.

"आयकलात? विनागर कोणी उघडलो?"

विनागर म्हणजे व्हिनेगर.

"विनागर खंयचो गो?" गोकुळदास म्हणाला. "ती वायन. सगळ्यात म्हारग."

"म्हारग असांदी. आंबली ती. हंयसर उभ्या रवान माझे डोळे झोंबतत." ती अंगणात उतरली आणि गौरेशसमोर उभी राहिली. "गौरेशभाऊ, तुमी लोकांक औषधां दितात मगो? वास घेवन दितात की कोणाच्या तोंडाकडे बघून?"

गौरेशने कोप खाली ठेवला. बाबुरावनेही ठेवला. माझा मी आधीच टेबलाखाली ठेवला होता.

मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज उतरला. "तुमका वास येणा नाय."

"सर्दी," गोकुळदास म्हणाला.

"गेल्या शिमग्याक तुमी भट्टीवरसून इलात आणि आंघोळ न करता भितर इलात. चुलीपाशी येवन बसलात. इतक्या वर्सांत पयल्यांदा. तुमका तुमचोच वास कळणा नाय, ता माका तेव्हाच कळला. मी वाट बघी होतंय, तुमी सांगतलात म्हणान."

बाबुराव हिशेब जुळवत असल्यासारखा आकाशाकडे बघत होता. "म्हणजे गेल्या वर्साची फेणी..." तो म्हणाला.

"काय गेल्या वर्साची?" गोकुळदासने विचारलं.

"काय नाय."

"बाबुराव."

"बरी नाय होती रे."

"किती बरी नाय?"

बाबुराव थोडा वेळ शब्द शोधत राहिला. खोटं बोलताना त्याला इतका वेळ लागला नव्हता. "डिझेलाची टाकी धुवन काढल्यासारखी. माका वाटला, तू काढलंस म्हणजे तशीच आसूक होई."

"मी पाहुण्यांना दिली," गौरेश खाली मान घालून म्हणाला. "म्हटलं, ही जुनी पद्धत आहे."

"सगळ्यांनी पियाली?"

"सगळ्यांनी."

"आणि सांगूक नाय कोणी."

"तुका सांगूचा?" बाबुराव कळवळून म्हणाला. "देवळात जावन देवाक सांगूचा काय, की बाबा तुझो आरतीचो ताल चुकलो?"

गोकुळदास रागावला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. तो खुर्चीत मागे टेकला. त्याने आम्हाला सगळं सांगितलं: पायऱ्या, कापूर, म्हापशाचा डॉक्टर, आणि आम्हाला का बोलावलं ते. "तुमची नाकां बघूची होती," तो म्हणाला. "एकाचा तरी चलात असा वाटला." त्याने रिकाम्या कोपात उगाच बघितलं. "नाकां बरी असतीत तुमची. पण ती माझ्या तोंडार बसलीत. तंय आता काय नाय." मग म्हणाला, "पावणेक बोली लावूक जाणा नाय मी. भट्टी पुरे."

त्याचं ते "पुरे" आम्हाला ओळखीचं होतं. आजवर त्यावर कोणी बोललं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. लांबच्या प्रवासाचं ओझं स्टँडवर उतरवलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. बस चुकली असली तरी बसायला मिळालंय, अशातला.

कमलाक्षीने बारोलोची बाटली लांब हाताने उचलली. "ही मी व्हरतंय. बांगड्याच्या लोणच्याक जायत." उंबऱ्यापाशी पोचून ती पाठमोरीच म्हणाली, "आणि पावणेक जावा. पुरे म्हणूक मी येतंय."

"वहिनी," बाबुराव म्हणाला, "तुमका तो वास सोसणा नाय मगो?"

"म्हणानच," ती म्हणाली, आणि आत गेली. आतूनच तिने उरलेला कायदा सांगितला: "मी लांब बसतलंय. आणि आंघोळ करूची लागतली."

गोकुळदास पावणीला गेला. डोंगर त्यालाच मिळाला. रेनातो फेब्रुवारीत आला, आल्या आल्या त्याने भुवया उंचावून आधी रस्त्याकडे बोट दाखवलं, मग गुलाबाकडे. गोकुळदासने त्याला स्वयंपाकघरात नेलं, बरणी उघडली आणि पावाबरोबर बांगड्याचं लोणचं वाढलं. बरणीशेजारीच बारोलोची बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात कमलाक्षीने खोबरेल भरलं होतं. रेनातोने बाटलीकडे बघितलं, लोणच्याकडे बघितलं, आणि त्याला समजलं असावं. तो खाली बसून पूर्ण बशी संपेपर्यंत जेवला. नंतर आणखी मागितलं. डांबराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

हंगामभर भट्टीपासून दूर, वारा पाठीवर येईल अशा बेताने, काजूच्या झाडाखाली एक स्टूल असायचं. त्यावर कमलाक्षी नाकाला पदर लावून, बसच्या प्रवासात उलटी दाबून बसलेल्या बाईसारखी बसलेली असायची. गोकुळदास नळीखालचा कोप तिच्याकडे घेऊन जायचा. ती पदर क्षणभर बाजूला करायची. बऱ्याचदा ती "पुरे" जरा लवकरच म्हणायची, म्हणून भांडी थोडी कमी भरली. तो वाद घालत नसे. लाकूड ओढायचा आणि पुन्हा येऊन वाफेकडे बघत बसायचा, ज्यात त्याच्यासाठी आता फक्त वाफ होती.

एप्रिलच्या शेवटी त्याने आम्हाला पुन्हा बोलावलं. अंगणात त्याच खुर्च्या होत्या, फक्त त्याची खुर्ची उलट्या दिशेला होती. तो आमच्याकडे पाठ करून, वाफ्याकडे तोंड करून बसला. कोप यंदाच्या फेणीने भरलेले होते.

"हां," तो म्हणाला. "आता सांगा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तिथे काही सापडलं नाही. मग प्रत्येकाने आपापला कोप नाकाशी नेला.

"मध्यम," बाबुराव म्हणाला.

"गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ बरी," गौरेश म्हणाला. "आधीच्या वर्षांसारखी नाही."

मी म्हणालो, "शेवटाला थोडी पातळ आहे."

त्याचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. "मध्यम," तो स्वतःशीच म्हणाला, नवीन शब्द म्हणून बघतात तसा. मग उठला, कोप गोळा केले, आणि घरात जायच्या आधी विहिरीवर आंघोळीला गेला.